सोडत, तुलना आणि ‘नोकरी’ची व्याख्या : दिव्यांग रोजगार कार्यक्रमाच्या एका मूल्यमापनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ज्या अभ्यासक महिलेच्या कामाभोवती हे प्रकरण फिरते, त्यांनी कारकिर्दीची पहिली वर्षे पुनर्वसन समुपदेशक म्हणून काढली होती. मानसिक आजारातून सावरणाऱ्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना काम शोधायला मदत करणे, मालकांशी बोलणी करणे आणि कामाच्या ठिकाणी सुरुवातीच्या काळात त्यांच्या सोबत राहणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. पुढे त्यांनी सार्वजनिक धोरण आणि संख्याशास्त्राचे शिक्षण घेतले आणि एका संशोधन संस्थेच्या मूल्यमापन विभागात त्या रुजू झाल्या. पुढे ‘मूल्यमापक’ असा उल्लेख येतो, तो त्यांचाच. या क्षेत्रात माणसे साधारणपणे दोन वाटांनी येतात. काही अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्रातून येतात, तर काही समाजकार्य, विशेष शिक्षण किंवा पुनर्वसनातून. दोन्ही वाटा चाललेली व्यक्ती क्वचितच भेटते, आणि या प्रकरणात जे निर्णय योग्य ठरले त्यांपैकी बरेचसे त्या दुहेरी अनुभवामुळेच शक्य झाले, असे माझे मत आहे. मी या मूल्यमापनाच्या सल्लागार गटात होतो, त्यामुळे बहुतेक चर्चा मला जवळून पाहता आल्या. संस्था, विभाग आणि व्यक्ती यांची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

मूल्यमापन ज्या कार्यक्रमाचे करायचे होते, तो एक स्वयंसेवी संस्था सरकारी निधीतून चालवत होती. मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, अंधत्व किंवा श्रवणदोष असलेल्या प्रौढांना आधी प्रशिक्षण द्यायचे, मग त्यांच्यासाठी जागा शोधायची आणि नोकरी लागल्यावर जॉब कोचने (कामाच्या ठिकाणी मदत करणाऱ्या मार्गदर्शकाने) काही काळ पाठीशी राहायचे, अशी त्याची रचना होती. ‘आधी शिकवा, मग कामावर पाठवा’ हा पुनर्वसनातला जुना विचार आहे. त्याला आव्हान देणारी पद्धत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी आकाराला आणली. तिला इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट, थोडक्यात आयपीएस, म्हणतात. गंभीर मानसिक आजार असलेल्या ज्या व्यक्तीला काम करायचे आहे, तिला ‘तयारी नाही’ म्हणून थांबवायचे नाही, तिच्या पसंतीचे खुल्या बाजारातले काम लवकरात लवकर शोधायचे, आणि आधार मात्र मुदत न घालता चालू ठेवायचा, ही तिची मुख्य सूत्रे आहेत. आमच्या कार्यक्रमातले जॉब कोच या विचाराशी परिचित होते, पण कार्यक्रमाची रचना मात्र जुन्याच पद्धतीची राहिली होती. हा अंतर्विरोध पुढे महत्त्वाचा ठरला.

समस्या

निधी देणाऱ्या विभागाला कार्यक्रमाचा विस्तार करायचा की नाही, हे ठरवायचे होते. संस्थेच्या वार्षिक अहवालात दर वर्षी एकच ठळक दावा असे, तो म्हणजे प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांपैकी बहुतांश जणांना नोकरी लागते. विभागाच्या अधिकाऱ्यांची अपेक्षा अशी होती की, बाहेरच्या संशोधन संस्थेने या आकड्याची पडताळणी करावी, काही यशोगाथा जोडाव्यात आणि अहवाल द्यावा. त्यासाठीचा कालावधी आणि पैसाही त्याच हिशेबाने मंजूर झाला होता.

मूल्यमापकांनी पहिल्या बैठकीत आकड्याच्या खरेखोटेपणाविषयी शंका घेतलीच नाही. आकडा खरा होता, नोंदीही नीट ठेवलेल्या होत्या. त्यांनी दोन प्रश्न विचारले. हे प्रमाण काढताना छेदस्थानी कोण आहे? आणि कार्यक्रम नसता तर याच लोकांचे काय झाले असते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीतूनच मिळाले. प्रशिक्षण अर्ध्यावर सोडलेले छेदात नव्हते, आणि ज्यांना प्रवेशाच्या वेळीच ‘अजून तयार नाहीत’ म्हणून परत पाठवले गेले, ते तर कुठेच नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेही नव्हते.

हा दुसरा प्रश्न या व्यवसायाचा गाभा आहे, म्हणून तो थोडा उलगडून सांगतो. समजा, १०० जणांनी एखादा कार्यक्रम पूर्ण केला आणि वर्षअखेर त्यांतील ६० जण नोकरीत आहेत. आता त्यांच्यासारख्याच, पण कार्यक्रमात नसलेल्या १०० जणांपैकी ४५ जण त्याच काळात स्वतःहून, नातेवाइकांच्या ओळखीने किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेमार्फत नोकरीला लागले असतील, तर कार्यक्रमाचा परिणाम ६० नव्हे तर १५ आहे. विस्ताराचा निर्णय त्या १५ वर व्हायला हवा. शिवाय लोक अशा कार्यक्रमाकडे बहुधा आयुष्य सर्वांत खालावलेले असताना येतात. आजार नुकताच बळावलेला असतो किंवा हातातले काम गेलेले असते. त्यामुळे काही न करताही पुढच्या वर्षी सरासरी परिस्थिती थोडी सुधारलेली दिसते, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ यांची साधी तुलना त्या सुधारणेचे सगळे श्रेय कार्यक्रमाला देऊन टाकते.

विचारात घेतलेले पर्याय

पर्याय मांडताना मूल्यमापकांनी प्रत्येकाबरोबर त्याने कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळेल आणि कोणत्या प्रश्नाचे मिळणार नाही, हेही लिहून दिले. माझ्या मते त्या एका टिपणाने पुढचे अनेक वाद टाळले.

आधी-नंतरची तुलना स्वस्त होती, पण वर सांगितलेल्या कारणाने तिचा उपयोग नव्हता. अर्ध्यावर सोडून गेलेल्यांना तुलनागट धरावे, ही संस्थेची सूचना होती. मात्र, सोडून जाणाऱ्यांची परिस्थिती बहुधा अधिक बिकट असते, त्यामुळे ही तुलना कार्यक्रमाला अवाजवी अनुकूल झाली असती. सरकारी नोंदींतून वय, शिक्षण आणि अपंगत्वाचा प्रकार जुळणारे लोक शोधून गट बनवावा, ही सूचना अधिक विचारार्ह होती. तरीही तिच्यात एक मोठी उणीव होती, कारण काम करण्याची इच्छा कोणत्याही नोंदीत नसते. अर्ज करणाऱ्याला ती असते, नोंदीतून उचललेल्या व्यक्तीला असेलच असे नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लालोंद यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील एका रोजगार प्रयोगाची आकडेवारी घेऊन दाखवून दिले होते की, असे जुळवलेले गट आणि सांख्यिकी दुरुस्त्या वापरून काढलेले निष्कर्ष प्रत्यक्ष प्रयोगाच्या निष्कर्षांपासून बरेच दूर जाऊ शकतात. त्यानंतर पद्धती पुष्कळ सुधारल्या आहेत, पण मूळ सावधगिरीचा इशारा आजही लागू आहे.

प्रवेशाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या ‘तयारीच्या गुणां’चा आधार घ्यावा, म्हणजे उंबरठ्याच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्यांची तुलना करावी, असाही एक विचार पुढे आला. नोंदी तपासल्यावर कळले की गुण अनेकदा निर्णय झाल्यानंतर भरले जात होते, आणि समुपदेशकाचे मत बदलले की तेही बदलत होते. त्यामुळे तो मार्ग बंद झाला.

शेवटचा पर्याय सोडतीचा होता. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त येत होते. पात्र अर्जदारांमध्ये सोडत काढायची, ज्यांचे नाव येईल त्यांना लगेच प्रवेश द्यायचा, बाकीच्यांना प्रतीक्षा यादीत ठेवायचे आणि दोन्ही गटांचा सारख्याच पद्धतीने पाठपुरावा करायचा. दिव्यांगांच्या रोजगार कार्यक्रमांत असे प्रयोग नवे नाहीत. अमेरिकेत १९८० च्या दशकात बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांच्या रोजगार कार्यक्रमांची तपासणी याच पद्धतीने झाली होती, आणि आयपीएसचा प्रसार होण्यामागे अशाच चाचण्यांची मालिका उभी आहे.

निर्णयाचा पहिला टप्पा : सोडत न्याय्य आहे का?

संस्थेच्या कर्मचाऱ्यांनी सोडतीला कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे मनापासूनचे होते. वर्षानुवर्षे घरी बसलेल्या माणसाने धीर करून अर्ज भरायचा आणि त्याचे भवितव्य चिठ्ठीवर सोडायचे, हे त्यांना क्रूर वाटत होते. एका ज्येष्ठ समुपदेशकाने विचारले, ‘‘ज्याला सगळ्यात जास्त गरज आहे, त्याला मी दारातून परत कसा पाठवू?’’

मूल्यमापकांनी या प्रश्नाला तांत्रिक उत्तर दिले नाही. मागील दोन तुकड्यांचे अर्ज त्यांनी समुपदेशकांसमोर ठेवले आणि प्रत्यक्षात कोणाला परत पाठवले गेले होते, हे त्यांच्यासोबत बसून पाहिले. तेव्हा निवड गरजेनुसार होत नव्हती, हे सर्वांच्याच लक्षात आले. ज्याला नोकरी लागण्याची शक्यता अधिक, त्याला प्रवेश मिळत होता, कारण विभाग निधी नोकरी लागलेल्यांच्या संख्येनुसार देत असे. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. पैसे मोजण्याच्या पद्धतीने निवड हळूहळू वाकवली होती. दीर्घकाळ मानसिक आजार असलेले आणि अधिक आधाराची गरज असलेले अर्जदार सर्वाधिक संख्येने नाकारले गेले होते. जागा अपुऱ्या असताना निवड कशानेतरी होणारच. अशा वेळी अलिखित अंदाजापेक्षा उघड सोडत अधिक न्याय्य आहे, हे कर्मचाऱ्यांना त्या बैठकीनंतर पटू लागले.

तरीही तीन अटी घालूनच सोडत स्वीकारली गेली. तातडीची गरज असलेल्या मोजक्या अर्जदारांना सोडतीबाहेर प्रवेश द्यायचा, पण त्यांची गणना मूल्यमापनात करायची नाही. प्रतीक्षा यादीतील लोकांना इतर उपलब्ध सेवा घेण्यास आडकाठी करायची नाही. आणि ठरावीक मुदतीनंतर त्यांनाही प्रवेश द्यायचा. तिसऱ्या अटीची किंमत मोठी होती, कारण तुलनागटही कार्यक्रमात आला की दीर्घकालीन परिणाम मोजण्याचा मार्ग संपतो. मूल्यमापकांनी ही किंमत जाणून स्वीकारली आणि आराखड्यात स्पष्ट नोंदवली. नीतिमत्ता समितीने संमतिपत्र सोप्या भाषेत, ब्रेलमध्ये आणि सांकेतिक भाषेच्या ध्वनिचित्रफितीत देण्याची अट घातली. ‘सहभाग नाकारला तरी सोडतीत तुमचे नाव राहील’ हे वाक्य त्यात आवर्जून घालण्यात आले.

निर्णयाचा दुसरा टप्पा : नोकरी कशाला म्हणायचे?

माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय सोडतीचा नव्हता, परिणाम मोजण्याची व्याख्या ठरवण्याचा होता.

विषयाचे गांभीर्य एका प्रसिद्ध अभ्यासावरून कळेल. लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या सहा युरोपीय केंद्रांत गंभीर मानसिक आजार असलेल्या ३१२ व्यक्तींवर आयपीएसची यादृच्छिक चाचणी, म्हणजे सोडतीसारख्या पद्धतीने गट पाडून केलेली चाचणी, झाली आणि तिचे निष्कर्ष २००७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. आयपीएस गटातील ५५ टक्के, तर नेहमीची व्यावसायिक सेवा घेणाऱ्यांतील २८ टक्के व्यक्तींनी काम केल्याचे त्यात दिसले. हा फरक मोठा आणि महत्त्वाचा आहे. मात्र हे आकडे किमान एक दिवस काम केलेल्यांचे आहेत. त्या अभ्यासात इतरही मोजमापे होती आणि तीही आयपीएसच्याच बाजूने गेली, त्यामुळे त्याच्या विश्वासार्हतेला धक्का लागत नाही. परंतु कोणी फक्त तेवढा एक आकडा उचलून धोरण आखले, तर एक दिवसाच्या आणि एक वर्षाच्या नोकरीतला फरक त्याच्या हिशेबातून निसटतो.

आमच्या कार्यक्रमात नियुक्तीपत्र मिळाले की ‘नोकरी लागली’ अशी नोंद होत असे. मूल्यमापकांनी दिव्यांग व्यक्तींचा एक मार्गदर्शक गट स्थापन करून त्यांना विचारले की, तुमच्या दृष्टीने नोकरी म्हणजे काय. या गटाच्या सदस्यांना इतर सल्लागारांइतकेच मानधन दिले गेले. हे सहभागाचे तत्त्व नवे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क कराराच्या कलम ४ मध्ये निर्णयप्रक्रियेत दिव्यांग व्यक्तींशी सल्लामसलत करण्याची जबाबदारी आहे, कलम २७ मध्ये इतरांच्या बरोबरीने काम करण्याचा आणि मुक्तपणे निवडलेल्या कामातून उपजीविका करण्याचा हक्क आहे, आणि कलम ३१ आकडेवारी गोळा करण्याविषयी आहे. तरीही मूल्यमापनात परिणामांची यादी बहुधा तज्ज्ञच ठरवतात.

गटाने सांगितलेल्या गोष्टी ऐकून आमची यादी बदलली. काम इतर सर्वांसोबत आहे की केवळ दिव्यांगांसाठीच्या वेगळ्या कार्यशाळेत, वेतन किमान वेतनापेक्षा कमी तर नाही, आठवड्याचे तास किती, आणि ते काम व्यक्तीने स्वतः निवडले की घरच्यांनी किंवा संस्थेने तिच्यासाठी निवडले, हे प्रश्न त्यांनी पुढे आणले. बौद्धिक अक्षमता असलेल्या एका सदस्याने सांगितले की त्याला दोनदा नोकरी ‘लावली’ गेली होती आणि दोन्ही वेळा कोणीही त्याला विचारले नव्हते. अखेरीस मुख्य परिणाम एकच ठरला : खुल्या बाजारातील, किमान वेतनाची नोकरी, जी पाठपुराव्याच्या शेवटी चालू आहे. तास, कमाई, स्वतःची निवड आणि समाधान हे दुय्यम परिणाम ठरले. आकडेवारी हाती येण्यापूर्वी ही यादी लिहून, तारीख घालून, विभाग आणि संस्था दोघांच्या सह्यांसह जपून ठेवण्यात आली.

अपंगत्वाच्या मोजमापाचा प्रश्नही येथेच सोडवावा लागला. प्रमाणपत्रावर आधारलेली व्याख्या प्रशासनाला सोयीची असते. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाच्या २१ प्रकारांची यादी आहे आणि आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. याउलट अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या वॉशिंग्टन गट या आंतरराष्ट्रीय गटाचे सहा प्रश्न पाहणे, ऐकणे, चालणे, लक्षात ठेवणे, स्वतःची काळजी घेणे आणि संवाद साधणे यांत किती अडचण येते, हे विचारतात. दोन्ही मार्गांनी वेगवेगळी माणसे मोजली जातात. व्याख्येवर निष्कर्ष किती अवलंबून असतो, याचे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील १९९० च्या दिव्यांग कायद्यावरचा वाद. त्या कायद्यानंतर दिव्यांगांचा रोजगार घटला, असा निष्कर्ष २००१ मध्ये दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी मांडला, तर अपंगत्व कसे मोजले यावर तो निष्कर्ष अवलंबून आहे, असे इतर अभ्यासकांनी दाखवले. आमच्या मूल्यमापनात प्रमाणपत्राचा प्रकार आणि कार्यक्षमतेचे प्रश्न, दोन्ही घेतले गेले. सहा प्रश्नांच्या लघुसंचात चिंता व नैराश्य सुटतात, म्हणून त्यांसाठी विस्तारित संचातील प्रश्न जोडले.

प्रत्यक्ष कार्यवाही

सोडत सल्लागार गटासमोर, उघडपणे काढली गेली आणि तिच्याबद्दल एकही तक्रार आली नाही. खरी अडचण पाठपुराव्यात आली. तुलनागटातील लोकांना संस्थेशी संपर्क ठेवण्याचे कारण नव्हते, त्यामुळे ते अधिक संख्येने हातून निसटू लागले. एका गटातून जास्त माणसे गळाली की सोडतीने साधलेली समानता आतून पोखरली जाते. त्यावर उपाय म्हणून दोन्ही गटांना मुलाखतीसाठी सारखाच मोबदला देण्यात आला, आणि कुटुंबाबाहेरच्या एका संपर्क व्यक्तीचे नाव आधीच घेऊन ठेवण्यात आले.

मुलाखती फोनवर घेण्याचा मूळ बेत होता. श्रवणदोष असलेल्या सहभागींच्या बाबतीत तो निरर्थक होता, हे सांगायला नको. व्हिडिओ कॉल आणि सांकेतिक भाषेचे दुभाषी यांची सोय करावी लागली. त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती, म्हणून नमुन्याचा आकार काहीसा कमी करावा लागला. बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या वतीने पालक उत्तरे देऊ लागले, तेव्हा मूल्यमापकांनी नियम केला की, समाधान आणि निवड यांविषयीची उत्तरे फक्त त्या व्यक्तीकडूनच, चित्रांच्या साहाय्याने घ्यायची आणि पालकांकडून केवळ तारखा व वेतन यांसारखी माहिती घ्यायची. आणखी एक प्रसंग मला फार अस्वस्थ करून गेला. मार्गदर्शक गटातील एका दृष्टिहीन सदस्याला मुलाखतकार म्हणून नेमायचे ठरले, पण सर्वेक्षणासाठी घेतलेले सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) चालत नव्हते. रोजगारातील अडथळे मोजण्यासाठी उभारलेली यंत्रणाच एका पात्र दिव्यांग उमेदवाराला कामाबाहेर ठेवत होती. मूल्यमापकांनी काम दोन आठवडे थांबवून सॉफ्टवेअर बदलले. विभागाने विलंबाबद्दल नाराजी लेखी कळवली. तरीही तो निर्णय योग्यच होता.

निष्पन्न काय झाले

कार्यक्रमातील लोक तुलनागटापेक्षा लवकर नोकरीला लागले. मात्र तुलनागटातीलही बरेच जण पुढे स्वतःच्या प्रयत्नाने कामाला लागले, त्यामुळे पहिल्या महिन्यांत दिसलेला मोठा फरक पुढे आकसत गेला. मुख्य परिणामावर, म्हणजे पाठपुराव्याच्या शेवटी टिकलेल्या खुल्या बाजारातील नोकरीवर, कार्यक्रमाचा परिणाम सकारात्मक होता, परंतु वार्षिक अहवालातील आकडा जे सुचवत होता त्याच्या तुलनेत बराच लहान होता. संस्थेच्या अंदाजाने ज्यांना ‘तयार नाहीत’ म्हणून एरवी परत पाठवले गेले असते, त्यांना सोडतीमुळे प्रवेश मिळाला होता, आणि त्यांची स्थिती इतरांपेक्षा वाईट आढळली नाही. तयारी पाहून निवड करण्याच्या प्रथेला यातून आधार मिळत नव्हता.

सर्वांत अनपेक्षित गोष्ट कामाच्या तासांत दिसली. नोकरीत असलेल्या अनेकांचे मासिक वेतन एका विशिष्ट रकमेच्या जरा खाली थांबले होते. मुलाखतींतून कारण समजले. त्या रकमेच्या वर कमाई गेली की अपंगत्व भत्ता आणि त्याच्याशी जोडलेली वैद्यकीय सवलत बंद होत असे. मालक जास्त तास देऊ करत होते आणि लोक विचारपूर्वक नाकारत होते. आजार पुन्हा उलटला तर नोकरी जाईल, आणि एकदा बंद झालेला भत्ता परत मिळवायला किती काळ लागतो हे त्यांना ठाऊक होते. याला कामाची अनिच्छा म्हणणे अन्यायाचे ठरले असते.

निर्णयाचा तिसरा टप्पा : अहवालात काय लिहायचे?

मसुदा फिरल्यावर दोन्ही बाजूंनी दबाव आला. संस्थेला लवकर नोकरी लागल्याचा निष्कर्ष सारांशात सर्वांत वर हवा होता. शिवाय श्रवणदोष असलेल्यांच्या उपगटात परिणाम विशेष मोठा दिसत होता, तो ठळक करावा अशी त्यांची विनंती होती. विभागाला ‘कार्यक्रम चालतो की नाही’ याचे एका शब्दात उत्तर हवे होते. मूल्यमापकांनी सह्या केलेली यादी टेबलावर ठेवली. त्या उपगटाचे विश्लेषण आधी ठरलेले नव्हते आणि त्यात माणसे थोडी होती. पुष्कळ उपगट पाहिले की एखाद्यात तरी योगायोगाने मोठा फरक दिसतो, म्हणून तो निष्कर्ष परिशिष्टात, पुढील तपासाचा विषय म्हणून गेला. सारांशाचे पहिले वाक्य मुख्य परिणामाचेच राहिले.

भत्त्याच्या नियमाबद्दल शिफारस करताना त्यांनी दाखवलेला संयम मला विशेष महत्त्वाचा वाटतो. नियम सौम्य करा, कमाई वाढेल, असे लिहिण्याचा मोह स्वाभाविक होता. परंतु अमेरिकेतील १९९९ च्या कायद्याने सांगितलेला आणि २०११ मध्ये सुरू झालेला एक मोठा प्रयोग त्यांना माहीत होता. अपंगत्व विम्याचे लाभार्थी मर्यादेपलीकडे कमावू लागल्यास संपूर्ण लाभ बंद करण्याऐवजी दर दोन डॉलरमागे एक डॉलर कापायचा, अशी सवलत त्यात दिली गेली, आणि तरीही सरासरी कमाईत वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणून त्यांनी लिहिले की, नियमातला खड्डा बुजवणे न्यायाच्या दृष्टीने आवश्यक आहे, पण तेवढ्याने कमाई वाढेलच असे म्हणता येत नाही. नोकरी गेल्यास भत्ता तत्काळ पूर्ववत होण्याची हमी, वैद्यकीय सवलत कायम ठेवणे आणि प्रत्येक उमेदवाराला लाभांविषयी व्यक्तिगत सल्ला देणे, या गोष्टी एकत्र करून तपासाव्यात, अशी शिफारस त्यांनी केली.

विभागाने कार्यक्रम चालू ठेवला, पण तत्काळ विस्तार केला नाही. निधीची रचना बदलून नियुक्तीबरोबरच नोकरी टिकण्यालाही पैसे जोडण्यात आले, आणि ‘तयारी’ची अट प्रवेश-नियमातून काढण्यात आली. संस्थेने लाभ-सल्लागाराचे पद निर्माण केले. भत्त्याचा नियम मात्र दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत होता, आणि तेथे शिफारस विचाराधीनच राहिली.

मूल्यमापकांच्या कारकिर्दीवर याचा परिणाम संमिश्र झाला. कार्यक्रम चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेकडून पुढील काम त्यांच्याकडे आले नाही. मात्र काही काळाने निधी देणाऱ्या विभागाच्याच धोरण कक्षाने त्यांना बोलावले, आणि तेथे नव्या कार्यक्रमांच्या मंजुरीपूर्वीच मूल्यमापनाचा आराखडा तयार करण्याची जबाबदारी त्यांना मिळाली. मुलाखतकार म्हणून नेमलेल्या दृष्टिहीन सदस्याने संशोधन संस्थेत पूर्णवेळ पद स्वीकारले.

वेगळे काय करता आले असते

दुभाषी, सुलभ सॉफ्टवेअर, सोप्या भाषेतील साहित्य आणि मार्गदर्शक गटाचे मानधन हे सारे खर्च मूळ अंदाजपत्रकातच असायला हवे होते. ते नंतर घुसवावे लागले, त्यामुळे नमुना लहान झाला आणि काही निष्कर्षांची अचूकता कमी झाली. सुलभतेचा खर्च आणि पुराव्याची गुणवत्ता एकमेकांवर अवलंबून आहेत, हे निधी देणाऱ्यांना प्रस्तावातच सांगितले पाहिजे.

मालकांची बाजू जवळजवळ अभ्यासलीच गेली नाही. कार्यक्रमातील उमेदवाराला मिळालेली जागा एरवी दुसऱ्या दिव्यांग अर्जदाराला मिळाली असती का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. काही भागांत कार्यक्रम राबवायचा आणि काही भागांत नंतर सुरू करायचा, अशी भौगोलिक सोडत काढली असती तर त्याचा अंदाज बांधता आला असता, पण त्यासाठी एकापेक्षा अधिक केंद्रे लागली असती.

प्रशिक्षण आधी की नोकरी आधी, हा कार्यक्रमाच्या रचनेतला मूळ प्रश्नही तपासायचा राहून गेला. सोडतीतून निवड झालेल्यांचे पुन्हा दोन भाग करून एका भागाला थेट नोकरीच्या शोधात उतरवता आले असते. मूल्यमापकांनी हे सुचवले होते, परंतु एकाच वेळी दोन बदल पेलणार नाहीत असे संस्थेला वाटले आणि सल्लागार गटानेही आग्रह धरला नाही. माझ्या मते तो आग्रह धरायला हवा होता, कारण ‘तयारी’ची अट निराधार ठरल्यानंतर प्रशिक्षणाच्या लांबलचक टप्प्याबद्दल सर्वांनाच हा प्रश्न पडला आणि उत्तरासाठी माहिती नव्हती.

शेवटची बाब पाठपुराव्याच्या मुदतीची आहे. तुलनागटाला पुढे प्रवेश द्यायचे ठरल्याने प्रयोग लवकर संपला. तरीही संमतिपत्रातच वेतन आणि विम्याच्या सरकारी नोंदी पुढील काही वर्षे पाहण्याची परवानगी मागितली असती, तर लवकर मिळालेल्या प्रवेशाचा लाभ टिकतो का, हे स्वतंत्र मुलाखतींविना कळले असते. आता ती परवानगी मिळवायची, तर प्रत्येक सहभागीला पुन्हा शोधावे लागेल. धोरण कक्षातून निघणाऱ्या नव्या आराखड्यांच्या नमुना संमतिपत्रात ते कलम आता समाविष्ट केले आहे, आणि ते नाकारण्याचा स्वतंत्र रकानाही त्यात आहे.